जिंकणाऱ्यांच्या कागदांतला आकाहाची

रियुक्यू राज्याची राजधानी शुरी. तिथल्या राजवाड्याच्या मुख्य महालापुढे इ.स. १५०९ मध्ये दगडी कठडा बसवला गेला आणि त्यावर राजा शो शिन याच्या अकरा कामगिऱ्या चिनी भाषेत कोरल्या गेल्या. त्यांतल्या एकीचा आशय असा: १५०० सालच्या वसंतात राजाने शंभर लढाऊ जहाजे दक्षिणेकडच्या बेटांवर धाडली, तिथल्या लोकांनी शरणागतीचे निशाण उभारले आणि पुढच्या वर्षापासून धान्याची व कापडाची खंडणी येऊ लागली. समोर कोण उभा होता, लढाई कशावरून जुंपली, किती माणसे पडली, याबद्दल कठड्यावर काहीही नाही.

त्या दगडावर ज्याचे नाव नाही, त्या ओयाके आकाहाचीवर हे पुस्तक आहे. इशिगाकी बेटावरच्या ओहामा गावचा तो म्होरक्या. दोन-तीन वर्षे त्याने शुरीला खंडणी पाठवली नाही, म्हणून शुरीचे आरमार त्याच्यावर चालून आले आणि त्या लढाईत तो मारला गेला. दरबारी इतिहासात हे प्रकरण आकाहाचीचे बंड म्हणून नोंदलेले आहे. पण बंड व्हायला आधी राज्य असावे लागते. १५०० पूर्वी या बेटांवर शुरीचे राज्य म्हणावे असे काही होते का, हा या पुस्तकाचा पहिला प्रश्न आहे आणि माझे उत्तर 'नव्हते' असे आहे. ते त्या लढाईने आले.

मराठी वाचकाला हा प्रदेश अनोळखी, म्हणून नकाशा समोर ठेवून सुरुवात केलेली बरी. जपानच्या क्यूशूपासून तैवानपर्यंत समुद्रात बेटांची रांग पसरली आहे. तिच्या साधारण मध्यावर ओकिनावा हे मोठे बेट. १४२९ मध्ये शो हाशी याने तिथली तीन छोटी राज्ये एक केली आणि रियुक्यूचे राज्य उभे राहिले. मिंग चीन, जपान, कोरिया आणि आग्नेय आशियाची बंदरे यांच्यातल्या मालाची ने-आण करून ते श्रीमंत झाले आणि १८७९ पर्यंत टिकले. ओकिनावाच्या नाहा बंदरातून नैऋत्येला निघाले की आधी मियाको लागते आणि मग चारशेहून अधिक किलोमीटरवर इशिगाकी. इशिगाकीहून तैवान त्यापेक्षा जवळ आहे. इशिगाकी, इरिओमोते, ताकेतोमी, कुरोशिमा, हातेरुमा, योनागुनी आणि आजूबाजूची छोटी बेटे मिळून जो समूह होतो, त्याला याएयामा म्हणतात. इथली भाषा ओकिनावाच्या भाषेची नातेवाईक खरी, पण एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नाही. शिडाच्या काळात उत्तरेचा वारा असेतो दक्षिणेला उतरायचे आणि दक्षिणेचा वारा सुटला की परतायचे, असा हिशेब होता. शुरीचा हुकूम याएयामात पोचायचा तो वाऱ्याच्या मर्जीने.

दरबारी ग्रंथ सांगतात की मियाको आणि याएयामा १३९० पासून ओकिनावाला नजराणा पाठवत होते. ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. पण त्या काळच्या पूर्व समुद्रात नजराणा ही व्यापाराची किल्ली होती. खुद्द रियुक्यूचा राजा मिंग बादशहाला नजराणा पाठवत असे, बदल्यात त्याला चिनी बंदरात माल उतरवायची मुभा मिळे आणि भेटीदाखल मौल्यवान वस्तू परत येत. म्हणून चिनी अंमलदार शुरीत येऊन कर गोळा करत होते, असे कोणी म्हणत नाही. याएयामाच्या म्होरक्यांनी शुरीला पाठवलेला नजराणाही याच नजरेने पाहावा लागतो. ओहामाच्या चुनखडीच्या टेकडीवर फुरुसुतोबारु नावाची जुनी जागा आहे. परंपरेने ती आकाहाचीची गढी मानतात आणि १९७८ पासून ती राष्ट्रीय संरक्षित स्थळ आहे. तिथे एकाला एक लागून दगडी भिंतींची पंधरा आवारे सापडली आहेत आणि उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे निघाले आहेत. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या या वस्तीत परदेशी माल येत होता. तो सगळा शुरीच्या कृपेने येत होता, असे समजायला आधार नाही.

लढाईच्या वीसेक वर्षे आधीचे याएयामा आपल्याला एका अनपेक्षित खिडकीतून दिसते, आणि दरबारी कागदांना तपासून पाहायला तिच्याइतका चांगला साक्षीदार नाही. १४७७ मध्ये कोरियाच्या जेजू बेटावरून राजाला द्यायची संत्री घेऊन निघालेले एक गलबत वादळात भरकटले. किम बी-उई आणि त्याचे दोन सोबती तेवढे वाचले. त्यांना योनागुनीच्या कोळ्यांनी पाण्यातून काढले. नंतर त्यांना एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोचवत नेले गेले: योनागुनी, इरिओमोते, हातेरुमा, आरागुसुकु, कुरोशिमा, मग तारामा, इराबू, मियाको आणि शेवटी ओकिनावा. १४७९ मध्ये ते मायदेशी पोचले आणि त्यांनी सांगितलेले सगळे कोरियाच्या राजदरबाराच्या नोंदवहीत उतरवले गेले. ही साधी माणसे होती, म्हणून त्यांनी साध्याच गोष्टी पाहिल्या. भात कसा पिकवतात, तांदूळ चावून त्याची दारू कशी करतात, बायका कानांत निळे मणी कसे घालतात. हातेरुमा, कुरोशिमा या बेटांवर भात होत नाही, तो इरिओमोतेहून आणावा लागतो, हेही त्यांनी सांगितले. लिहिण्या-वाचण्याची रीत तिथे त्यांना आढळली नाही.

त्या जबानीत भाताची, गुरांची, बेटाबेटांतल्या देवघेवीची तपशीलवार हकिगत आहे; याएयामात शुरीचा अंमलदार मात्र कुठेच भेटत नाही. बुडत्यांना पुढच्या बेटावर पोचवणारी माणसे तिथलीच होती आणि पोचवण्याची शिस्तही त्यांचीच होती. एका बेटाचा भात दुसऱ्या बेटाच्या चुलीवर शिजत होता. ही बेटे कोणी येऊन सांभाळायची वाट पाहत नव्हती.

या सगळ्याला कलाटणी मिळाली ती शो शिनच्या कारकिर्दीत. तो १४७७ मध्ये, म्हणजे ते गलबत भरकटले त्याच वर्षी, गादीवर आला आणि जवळजवळ पन्नास वर्षे राज्य करून गेला. ओकिनावाच्या वेगवेगळ्या भागांतल्या आजी नावाच्या सरदारांना त्याने आपापल्या गढ्या सोडून शुरीत राहायला लावले. हत्यारे राज्याच्या ताब्यात आणली. दरबाऱ्यांचे दर्जे डोक्याच्या फडक्याच्या रंगावरून आणि केसांतल्या काट्याच्या धातूवरून ठरवून दिले. इथपर्यंतची कामे कोणत्याही हुशार राजाला सुचण्यासारखी. माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम वेगळे होते: त्याने धर्माची पायरी बांधली. रियुक्यूत देवाचे काम बायकांकडे असे. भाऊ राज्य करी आणि बहीण त्याच्यासाठी देवाशी बोले, ही तिथली जुनी श्रद्धा. शो शिनने आपल्या बहिणीला राज्याची मुख्य पुजारीण नेमले आणि गावोगावच्या पुजारणी तिच्या हाताखाली आणल्या. गावच्या देवराईत कोण बसणार हेही आता शुरीत ठरू लागले.

ही पायरी याएयामात पोचली तेव्हा ठिणगी पडली. १४८६ मध्ये शुरीच्या दूताने तिथल्या इरिकिया आमारी या देवतेच्या पूजेवर बंदी घातली. खंडणी थांबली ती यानंतर काही वर्षांनी. दरबारी कागद आकाहाचीच्या उर्मटपणावर भर देतात, पण बंदीची नोंद त्याच कागदांत राहून गेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या देवाला पहिले धान्य वाहिले, त्याचे नाव घ्यायचे नाही, असे चारशे किलोमीटरवरून आलेल्या परक्याने सांगावे आणि लोकांनी मुकाट्याने ऐकावे, हे कुठल्याही बेटावर घडले नसते.

आकाहाचीबद्दल खात्रीने सांगता येते ते फार थोडे. परंपरेनुसार त्याचा जन्म हातेरुमाचा. धिप्पाड देहाचा, तांबूस केसांचा, अशी त्याची वर्णने आहेत. काही कागदांत होंगावारा आकाहाची असे नाव येते, त्यामुळे ही एक व्यक्ती की दोन, यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत. मी एकच मानून लिहिले आहे. त्याची कारणे तिसऱ्या प्रकरणात आहेत. याएयामात तो एकटा म्होरक्या नव्हता. इशिगाकी गावात नागाता उफुशु होता, काबिरात नाकामा मित्सुकेइमा, इरिओमोतेच्या सोनाईत केदागुसुकु योचो. मित्सुकेइमा आकाहाचीच्या हातून गेला, असे परंपरा सांगते. योचो शुरीच्या बाजूला राहिला. नागाताचे दोन भाऊ आकाहाचीच्या माणसांनी मारले आणि तो स्वतः इरिओमोतेला पळून लपून बसला. याएयामा एकदिलाने आकाहाचीमागे उभे राहिले, हे चित्र खोटे आहे. १५०० ची लढाई हा याएयामाच्या आतला झगडाही होता.

तिसरा पक्ष मियाकोचा, आणि त्याच्याकडे पूर्वीच्या लेखकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. तिथला म्होरक्या नाकासोने तोयुम्या हा त्या काळातला या समुद्रातला सर्वांत धूर्त माणूस. आकाहाची मियाकोवर चालून येणार आहे, हे कारण सांगून तो शुरीच्या आरमाराचा वाटाड्या बनला. याएयामाच्या खडकाळ किनाऱ्यांची त्याच्याइतकी माहिती शुरीत कोणालाच नव्हती. लढाईनंतर त्याच्याच दुसऱ्या मुलाला याएयामाचा प्रमुख नेमले गेले. तो मुलगा लोकांशी इतका वाईट वागला की त्याला काढावे लागले. मियाकोच्या बापाने मोहिमेला वाट दाखवायची आणि मुलाने जिंकलेला मुलूख घ्यायचा, हा क्रम पाहिला की आकाहाचीवर पहिला वार कोणाच्या मनात शिजला असेल, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. माझ्या मते शुरीने ही संधी निर्माण केली नाही. ती तिला मियाकोने आणून दिली.

लढाईची हकिगत मुख्यतः 'चूझान सेइफू' आणि 'क्यूयो' या अठराव्या शतकात सिद्ध झालेल्या दरबारी ग्रंथांत येते. त्यांनुसार जहाजे छेचाळीस होती आणि माणसे तीन हजारांच्या आसपास. कठड्यावरची शंभर जहाजे आणि ग्रंथांतली छेचाळीस, हा फरक वाचकाने लक्षात ठेवावा. आपल्याकडे बखरींतले सैन्याचे आकडे वाचताना जी सावधगिरी बाळगतो, तीच इथे बाळगायची. आकड्यांपेक्षा मोलाचे आहे ते त्या ग्रंथांनी नकळत जपलेले एक दृश्य. शुरीची जहाजे इशिगाकीच्या किनाऱ्याजवळ आली तेव्हा आकाहाचीची माणसे उंच जागा पाठीशी घेऊन आणि समुद्राकडे तोंड करून उभी होती. आणि त्यांच्यापुढे, सगळ्यांत पुढे, काही डझन पुजारणी हातात झाडांच्या फांद्या घेऊन आकाशाला आणि पृथ्वीला हाका मारत, शत्रूला शाप देत होत्या. राजाचे सैन्य किनाऱ्याला लागले तरी त्या मागे हटल्या नाहीत. हे लिहिणाऱ्या दरबारी कारकुनाला त्यांचा हट्ट रानटी वाटला असणार. मला त्या ओळी वाचताना त्यांच्या पायांखालची जमीन जाणवते. ज्या देवतेवर बंदी आली, तिच्या या सेविका होत्या, आणि जहाजांपुढे उभे राहणे हे त्यांचे कामच होते.

शुरीनेही आपल्या बाजूने पुजारीणच आणली होती. ओकिनावाच्या पश्चिमेच्या कुमे बेटाची चिन्बे ही मोठ्या मानाची पुजारीण आरमारासोबत होती. कुमेची देवी आणि इशिगाकीच्या ओमोतो डोंगराची देवी या बहिणी, अशी समजूत होती. तेव्हा बहिणीने समजावले की याएयामाची देवी ऐकेल, असा हिशेब शुरीने केला. चिन्बेने युक्ती सांगितली असेही म्हणतात: बांबूचे तराफे करून त्यांवर मशाली पेटवल्या आणि रात्री समुद्रात सोडून दिले. आकाहाचीची माणसे त्या उजेडामागे धावली आणि सैन्य दुसरीकडून उतरले. सैन्याच्या दोन तुकड्या झाल्या, एक तोनोशिरोकडून आणि दुसरी आराकावाकडून आली. दोन बाजूंनी कोंडी झाल्यावर लढाई फार काळ चालली नाही.

या प्रकरणातल्या आणखी दोन बहिणींवर मी सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत. नागाता उफुशुच्या बहिणी माइत्सुबा आणि कुइत्सुबा. कुइत्सुबा आकाहाचीची बायको होती. ती नवऱ्याच्या बाजूने राहिली आणि त्याच्याबरोबर मारली गेली. माइत्सुबा पुजारीण होती. शुरीची जहाजे सुखरूप नाहाला पोचावीत म्हणून तिने मिसाकीच्या देवराईत प्रार्थना केली. राजा प्रसन्न झाला, तिला मोठे पद देऊ केले, पण जहाजे पोचतील हे आधी सांगितले ते तादायाच्या ओनारीने, असे म्हणून तिने ते पद तिला देववले, असे परंपरा सांगते. इशिगाकीच्या आराकावा भागात माइत्सुबाची देवराई आजही आहे आणि सुगीनंतरच्या मोठ्या उत्सवाला आसपासची गावे तिथे जमतात. दरबारी परंपरेत एक बहीण आदर्श ठरली आणि दुसरी विश्वासघातकी. पण एका घरातल्या दोघी, एकाच देवराईच्या सावलीत वाढलेल्या, एकीने भावाचा पक्ष घेतला आणि दुसरीने नवऱ्याचा. भावाचा पक्ष जिंकला नसता तर निकाल उलटा लागला असता. कुइत्सुबाला न्याय द्यायची वेळ आता आली आहे, असे मला मनापासून वाटते, आणि या पुस्तकाचे पाचवे प्रकरण तिच्यासाठीच लिहिले आहे.

कागदांविषयी आणखी एक सांगायला हवे. दरबारी ग्रंथांखेरीज उपयोगी पडतात ते कुलवृत्तांत: मियाकोत नाकासोनेच्या वंशजांचे, इशिगाकीत नागाताच्या वंशजांचे. ही सगळी घराणी जिंकलेल्या बाजूची. ज्यांचे पूर्वज आकाहाचीबरोबर पडले, त्यांनी वंशावळी लिहिल्या नाहीत, कारण वंशावळ ही सरकारदरबारी पदावर हक्क सांगायची वस्तू होती आणि त्यांच्याकडे हक्क सांगण्यासारखे काही उरले नव्हते. म्हणून हे पुस्तक लिहिताना मी एक नियम पाळला: विजेत्याच्या कागदात विजेत्याला न शोभणारी गोष्ट सापडली, तर तिच्यावर जास्त भरवसा ठेवायचा. देवतेवरची बंदी, पुढे उभ्या पुजारणी आणि मियाकोच्या मुलाची हकालपट्टी, या तिन्ही गोष्टी अशाच सापडल्या आहेत.

लढाईनंतर याएयामात जे झाले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावर जपानीत भरपूर लिहिले गेले आहे. ताकेतोमी बेटावरचा निशितो नावाचा मुलगा शुरीच्या सेनापतीने बरोबर नेला. शुरीत तो दगडकामात तयार झाला आणि राजवाड्याजवळच्या सोनोह्यान देवराईचे दगडी दार १५१९ मध्ये त्याने बांधले. ते दार आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. १९४५ च्या लढाईत ते मोडले होते, पुन्हा उभारले गेले. १५२४ मध्ये निशितो अधिकारी होऊन ताकेतोमीला परतला आणि तिथे याएयामाची पहिली कचेरी स्थापन झाली. पुढे ती इशिगाकीला हलली. १६०९ मध्ये सात्सुमाच्या सामुराईंनी खुद्द रियुक्यू जिंकले. मग शुरीवरचा बोजा शुरीने दक्षिणेवर ढकलला. मियाको आणि याएयामावर सतराव्या शतकात डोईपट्टी बसली: पंधरा ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक माणसाने धान्य किंवा कापड द्यायचे, पीक येवो न येवो. १७७१ च्या त्सुनामीत या दोन समूहांतली सुमारे बारा हजार माणसे गेली, तरी पट्टी टळली नाही. ती गेली १९०३ मध्ये. कठड्यावर १५०९ साली अभिमानाने कोरलेल्या धान्याचा आणि कापडाचा हिशेब लोकांनी चारशे वर्षे चुकवला.

डोईपट्टी गेल्यावर आकाहाचीकडे पाहायची नजर बदलली यात नवल नाही. इशिगाकीत जन्मलेला कवी इबा नानतेत्सु याने त्याच्यावर दीर्घ काव्य लिहिले, ते १९३६ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्यावर चित्रपट निघाला. ओहामात १९५३ मध्ये त्याचे दगडी स्मारक उभे राहिले. चारशे वर्षे बंडखोर ठरलेला माणूस जुलमाविरुद्ध लढलेला वीर झाला. ज्या गावांनी इतकी वर्षे पट्टी भरली, त्यांना असा पूर्वज लागणारच होता, आणि त्यांच्या या प्रेमाचा मला आदर आहे. तरीही काबिराचा मित्सुकेइमा आणि नागाताचे दोन भाऊ त्याच बेटाची माणसे होती. त्यांच्याही मागे रडणारे कोणी होते. आकाहाचीने डोईपट्टीविरुद्ध लढा दिला, असे काही लोकप्रिय पुस्तकांत छापलेले असते. ती पट्टी तो गेल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी आली. त्याची खरी लढाई देवतेसाठी, खंडणीसाठी आणि याएयामात कोणाचा शब्द चालणार यासाठी होती. ती पुरेशी मोठी आहे, तिला नंतरची दुःखे चिकटवायची गरज नाही.

मजकुराची मांडणी काळाप्रमाणे केलेली नाही. पहिले प्रकरण कोरियन खलाशांचे आहे, कारण बाकीचे सगळे साक्षीदार लढाईनंतरचे आहेत. दुसरे शो शिनच्या शुरीचे. आकाहाची तिसऱ्यात येतो, चौथ्यात मियाको, पाचव्यात नागाताच्या बहिणी आणि मग लढाई. काबिराच्या परंपरेत मित्सुकेइमाच्या मृत्यूची जी हकिगत आहे, ती आकाहाचीच्या स्तुतीच्या आड येते म्हणून पूर्वीच्या बऱ्याच लेखकांनी दोन ओळींत उरकली आहे. इथे ती सहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच, सविस्तर घेतली आहे.